पिशवी काढण्याआधी: बीड जिल्ह्यातल्या बायकांचं आरोग्य आणि घरातली चुप्पी

'पिशवीचं ऑपरेशन झालंय' हे वाक्य बीड जिल्ह्यात कुणाला नवीन नाही. गेवराई असो, धारूर असो की पाटोदा, चार बायका बसल्या की त्यातल्या एखादीच्या तोंडून ते येतंच. पिशवी म्हणजे गर्भाशय. ते का काढलं, असं विचारलं तर बहुतेक वेळा तीनच उत्तरं मिळतात: 'पांढरं जात होतं', 'महिना थांबत नव्हता', 'डॉक्टर म्हणाले कॅन्सर होईल'. यातली पहिली दोन दुखणी साधारणपणे औषधाने आटोक्यात येतात. तिसऱ्याची खात्री तपासणी केल्याशिवाय कुणालाच देता येत नाही.

हा लेख त्या तीन उत्तरांबद्दल आहे. बाईच्या शरीराबद्दल, महिन्याबद्दल, नवरा-बायकोच्या संबंधांतून होणाऱ्या आजारांबद्दल घरात बोललं जात नाही, त्याची किंमत काय पडते ते बीड जिल्ह्याने आकड्यांत दाखवून दिलं आहे. आणि बोलायला लागणारे शब्द आपल्या मुस्लिम घरांमध्ये आधीपासून आहेत, हेही सांगायचं आहे.

बीडमध्ये काय झालं

२०१९ च्या उन्हाळ्यात बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या बातम्या देशभर छापून आल्या. पंचविशी-तिशीतल्या बायकांची गर्भाशयं काढली जात होती. राष्ट्रीय महिला आयोगाने राज्य सरकारला नोटीस दिली. त्याच वर्षी जूनमध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं की, तीन वर्षांत जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या.

पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, तेव्हा त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. म्हणजे साधारण दर सहा बायकांमागे एक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशाचं प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आलं. दोन्ही पाहण्यांतले वयोगट वेगळे असू शकतात, म्हणून ही तुलना काटेकोर धरू नये. पण फरक एवढा मोठा आहे की दुर्लक्ष करता येत नाही.

ऊसाच्या फडातून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत

दिवाळीच्या आसपास बीडमधून लाखो माणसं पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात. त्यांत आपल्या समाजातली कुटुंबंही आहेत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि ती अंगमेहनतीने फेडायची असते. एक दिवस काम चुकलं की 'खाडा' पडतो आणि पैसे कापले जातात. बाईचा महिना आला, पोट दुखलं, म्हणून खाडा माफ होत नाही.

राहायला कारखान्याजवळ किंवा फडाच्या कडेला कोपी. तिथे संडास नाही, न्हाणी नाही, पुरेसं पाणी नाही. महिन्याच्या दिवसांत कपडा बदलायला आडोसा नाही. कपडा नीट धुता येत नाही, उन्हात वाळवता येत नाही. लघवी रोखून धरायची, म्हणून पाणीच कमी प्यायचं. त्यातून लघवीच्या मार्गाचा दाह होतो, योनीमार्गाचा जंतुसंसर्ग होतो. वर मोळ्या डोक्यावर उचलून ट्रॉलीत टाकायच्या. बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच असं ओझं उचललं तर अंग बाहेर येण्याचा त्रास वाढतो.

आता यात चुप्पी कुठे येते ते पाहा. बाईला पांढरं जायला लागतं. ती नवऱ्याला सांगत नाही, सासूला सांगत नाही. सांगितलंच तर 'सगळ्यांनाच जातं' असं उत्तर मिळतं. सहा महिने, वर्ष असंच निघून जातं. मग त्रास असह्य होतो, तेव्हा गावी परतल्यावर ती थेट खासगी दवाखान्यात जाते. तिथे सोनोग्राफी होते आणि 'पिशवीला सूज आहे', 'पिशवी खराब झाली', 'पुढे कॅन्सरचा धोका' असे शब्द कानावर पडतात. मुलं झालेली असतात. महिन्याची कटकट संपेल, खाडा वाचेल, असंही मनात येतं. मग ऑपरेशनसाठी मुकादमाकडूनच पुन्हा उचल. एका गोळीने बरं होऊ शकणारं दुखणं कर्ज काढून कापून टाकलं जातं.

यात काही डॉक्टरांचा लोभ आहे, सरकारी दवाखान्यांची कमतरता आहे, मजुरीची अन्यायाची पद्धत आहे. ते सगळं बदलायला हवंच. पण पहिल्या दिवशी त्रास सुरू झाला तेव्हा त्या बाईला माहिती असती आणि ती कुणाला सांगू शकली असती, तर ही साखळी तिथेच तुटली असती.

हे फक्त ऊसतोडीचं नाही

गावातल्या पक्क्या घरात राहणाऱ्या बायकांचं काय, असा प्रश्न येतो. त्याचं उत्तर महाराष्ट्राच्याच दुसऱ्या टोकाहून, गडचिरोलीहून, फार आधी मिळालेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. त्यांचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक अवयवांचा काही ना काही आजार होता, सरासरी एकीला तीनहून जास्त. आणि त्याआधी कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के.

म्हणजे बायका ठणठणीत होत्या म्हणून गप्प होत्या, असं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. जगभर तोपर्यंत गरीब देशांतल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, एवढंच समजलं जायचं. या अभ्यासानंतर ती समजूत बदलू लागली.

हैज आणि इस्तिहाजा: आपल्याकडे असलेलं ज्ञान

आपल्या घरांत एक गोष्ट वेगळी आहे. मुलगी वयात आली की नमाज-रोजाच्या निमित्ताने तिला महिन्याचे दिवस मोजावेच लागतात. हैज म्हणजे नेहमीचा महिना, निफास म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आणि इस्तिहाजा म्हणजे या दोन्हींच्या बाहेरचा रक्तस्राव, हा फरक 'बहिश्ती जेवर'सारख्या पुस्तकांतून आपल्या नानी-दादींनी वाचलेला किंवा ऐकलेला आहे. हनफी मसलकात हैज कमीत कमी ३ दिवस आणि जास्तीत जास्त १० दिवस, दोन हैजमध्ये किमान १५ दिवस पाकीचे, निफास जास्तीत जास्त ४० दिवस, असा हिशोब शिकवला जातो.

हदीसच्या ग्रंथांत हजरत फातिमा बिन्ते अबी हुबैश (रजि.) यांचा प्रसंग येतो. रक्त थांबतच नाही, नमाज सोडू का, असं त्यांनी स्वतः पैगंबर मुहम्मद (स.) यांना विचारलं. उत्तर मिळालं की हा हैज नाही, हे एका नसेचं रक्त आहे. नेहमीच्या दिवसांपुरती नमाज सोडावी, मग आंघोळ करून पढावी. आणि हजरत आयशा (रजि.) यांनी अन्सारच्या बायकांचं कौतुक केलं, ते दीन समजून घेताना त्यांनी लाजेला आड येऊ दिलं नाही म्हणून. म्हणजे भर मदिन्यात बायका हे प्रश्न विचारत होत्या, आणि कुणी त्यांना बेहया म्हटलं नाही. हया म्हणजे गप्प बसणं, असा अर्थ आपण नंतर लावला.

इथे एक काळजी घ्यावी. फिकहचा हिशोब इबादतीसाठी आहे, आजाराच्या निदानासाठी नाही. दहा दिवस रक्त जाणं मसल्याने हैजमध्ये मोजलं गेलं तरी डॉक्टरी दृष्टीने सात-आठ दिवसांच्या वर रक्त जात असेल तर तपासून घ्यायला हवं. पण ज्या बाईला दिवस मोजायची सवय आहे, ती डॉक्टरला नेमकं सांगू शकते: 'तीन महिने झाले, बारा दिवस जातंय, आधी पाचच दिवस जायचं.' हे एक वाक्य अर्ध्या निदानाइतकं मोलाचं असतं. कॅलेंडरवर किंवा वहीत दर महिन्याची सुरू झाल्याची आणि थांबल्याची तारीख लिहून ठेवा. मुलींनाही ती सवय लावा.

काय साधारण आणि काय दाखवायलाच हवं

पांढरं पाणी जाणं हा प्रत्येक वेळी आजार नसतो. दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत, गरोदरपणात पारदर्शक किंवा दुधाळ पाणी जातं. त्याला घाण वास नसेल, खाज-जळजळ नसेल तर ते शरीराचं नेहमीचं काम आहे. पांढऱ्या पाण्यातून हाडांचा रस जातो, हाडं झिजतात, ही समजूत चुकीची आहे. पांढरं जातं म्हणून पिशवी सडली, हेही चुकीचं आहे.

पुढची लक्षणं मात्र अंगावर काढू नयेत:

• दह्यासारखं घट्ट पाणी आणि खूप खाज, किंवा माशासारखा वास, किंवा पिवळं-हिरवं पाणी. हे जंतुसंसर्ग आहेत. औषधाने बरे होतात.

• पांढऱ्या पाण्यासोबत ओटीपोटात दुखणं आणि ताप. हा संसर्ग आत पसरल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी दाखवा.

• सात-आठ दिवसांपेक्षा जास्त रक्त जाणं, तासाभरात पॅड किंवा कपडा भिजणं, मोठ्या गाठी पडणं, चक्कर येणं.

• दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा नवरा-बायकोच्या संबंधानंतर रक्त दिसणं.

• पाळी कायमची बंद झाल्यावर, वर्षभरानंतर, पुन्हा रक्त जाणं. थोडंसं जरी गेलं तरी दाखवायलाच हवं.

• संबंधाच्या वेळी नेहमी दुखणं, लैंगिक अवयवांवर फोड किंवा जखम.

• खोकताना लघवी सुटणं, अंग बाहेर आल्यासारखं वाटणं.

यातलं संबंधाच्या वेळी दुखणं हे सगळ्यात जास्त लपवलं जातं. ते बाईचं नशीब नाही. संसर्ग, कोरडेपणा, आतली सूज, भीती, अशी त्याची कारणं असतात आणि त्यांवर उपाय असतात. दुखत असताना नाही म्हणायचा हक्क बायकोला आहे. आणि नवऱ्याने ते ऐकणं हीच चांगल्या वागणुकीची पहिली पायरी आहे.

गर्भाशय काढल्याने काय होतं

मुलं झाली की पिशवीचं काम संपलं, असं बायकांना सांगितलं जातं. शाळेच्या पुस्तकातली आकृती आठवा: मध्ये गर्भाशय, दोन बाजूंना दोन अंडाशयं. अंडाशयं फक्त बीजं तयार करत नाहीत, ती बाईच्या हाडांना आणि हृदयाला जपणारी संप्रेरकंही तयार करतात. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली, तर तीस वर्षांच्या बाईची पाळी त्याच दिवशी कायमची जाते. अंगातून वाफा निघणं, झोप उडणं, सांधे आणि कंबर दुखणं, हाडं ठिसूळ होणं, हे पन्नाशीतले त्रास तिशीत सुरू होतात. अंडाशयं ठेवली तरी काही बायकांमध्ये पाळी जाण्याचं वय अलीकडे येतं. ज्या बाईला मोळ्या उचलायच्या आहेत, तिच्यासाठी ठिसूळ हाडं म्हणजे रोजगारावरच घाव.

काही वेळा हे ऑपरेशन खरंच लागतं. गर्भाशयाचा किंवा त्याच्या मुखाचा कर्करोग, औषधांना न जुमानणारा जोरदार रक्तस्राव, खूप मोठ्या गाठी, पूर्ण बाहेर आलेलं अंग, बाळंतपणात जिवावर बेतणारा रक्तस्राव. अशा वेळी घाबरून टाळू नये. पण गर्भाशयातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, आणि पाळी जाण्याच्या वयानंतर त्या साधारणपणे आकसतात. जास्त रक्त जाण्यावर आधी गोळ्या असतात, संप्रेरकाची औषधं असतात, संप्रेरक सोडणारी तांबी असते. ऑपरेशन शेवटी.

केंद्र सरकारने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सगळ्या राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितल्या. राष्ट्र, राज्य आणि जिल्हा पातळीवर देखरेख समित्या, अशी त्यात रचना आहे. बीडमध्ये तर २०१९ च्या प्रकरणानंतर खासगी रुग्णालयांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं आवश्यक केलं गेलं. तरी २०२५ मध्ये हा विषय पुन्हा बातम्यांत आला. कागदावरचा नियम बाईला माहीत असेल तरच तिच्या कामाला येतो.

कुणी पिशवी काढायला सांगितलं तर हे प्रश्न विचारा, लाजू नका:

• माझ्या आजाराचं नाव काय? कागदावर लिहून द्या.

• सोनोग्राफीशिवाय आणखी कोणती तपासणी केली? कर्करोगाची शंका असेल तर तुकडा काढून तपासला का?

• औषधाने किती दिवस प्रयत्न केला? तांबीचा पर्याय आहे का?

• अंडाशयं ठेवणार की काढणार? का?

• आठ-पंधरा दिवस थांबलं तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर त्या दिवसांत दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. सगळी कागदपत्रं स्वतःकडे ठेवा.

कर्करोगाच्या भीतीवर उत्तर: तपासणी

'कॅन्सर होईल' या वाक्याने जेवढी ऑपरेशनं झाली असतील, तेवढ्या बायकांची साधी तपासणी झाली असती तर चित्र वेगळं असतं. आणि याचा पुरावा आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय त्यात होतं. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष जगासमोर आले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात फक्त एकदा केली आणि दोष आढळला तर उपचार केला, तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

तीस वर्षांवरच्या बाईने ही तपासणी करून घ्यावी. सरकारी केंद्रांत गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसिटिक आम्ल, म्हणजे सिरक्यातलं आम्ल, लावून पाहण्याची चाचणी दर पाच वर्षांनी करण्याची सोय आहे. पाच-दहा मिनिटांचं काम, भूल नाही, काप नाही. मुलींसाठी ९ ते १४ या वयात एचपीव्हीची लस घेणं सगळ्यात चांगलं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने देशात बनवलेली लसही २०२३ पासून आहे. या लशीने मूल होत नाही, ही अफवा आहे. तसा कुठलाही पुरावा नाही.

मुलगी, लग्न आणि दोन मुलांतलं अंतर

बीडच्या या प्रश्नाची मुळं लग्नाच्या वयात आहेत. २०१९-२१ च्या पाहणीत राज्यात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीड जिल्ह्यात हा आकडा ४४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे दुप्पट. पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन-तीन बाळंतपणं, मग तिशीत पिशवीची तक्रार, हा क्रम असतो. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे, पण तो शिकवायच्या आधीच काही मुली शाळेतून गेलेल्या असतात. राहिलेल्यांना तो धडा 'घरी वाचा' म्हणून अनेक ठिकाणी सोडून दिला जातो. शिक्षकाला अवघड वाटतं हे खरं आहे. पण मुलींच्या वेगळ्या तासाला, एखाद्या बाईंनी, आकृती काढून शिकवला तर मुली मान खाली घालून का होईना, एक-एक करून प्रश्न विचारतात. 'पहिल्यांदा आलं तेव्हा मला वाटलं मी मरणार', असं सांगणारी मुलगी दरवर्षी असते. तिच्या अम्मीने आधी दोन वाक्यं बोलली असती तर ती भीती टळली असती.

आपल्या समाजात बायकांच्या नसबंदीचं प्रमाण इतरांपेक्षा कमी आहे. म्हणून दोन मुलांत अंतर ठेवण्याच्या साधनांची माहिती आपल्याला जास्त लागते. सरकारी केंद्रात निरोध, तांबी, तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं 'अंतरा' इंजेक्शन, आणि 'छाया' ही संप्रेरक नसलेली गोळी मोफत मिळते. 'छाया' पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची असते. 'अंतरा'मुळे सुरुवातीला पाळी अनियमित होते किंवा थांबते. हे आधी सांगितलं नाही तर बाई घाबरते आणि चुकीच्या दवाखान्यात जाते. दीनच्या बाजूने विचाराल तर, अज्लचा मसला जुन्या फुकहांनी मोकळेपणाने चर्चिलेला आहे. बहुतेकांनी तो बायकोच्या मर्जीने जायज मानला. शंका असेल तर जाणकार आलिमला विचारा, पण न विचारता बायकोचं शरीर झिजू देऊ नका.

पुरुषांनी काय करायचं

बायकोला संसर्ग झाला आणि तिनेच औषध घेतलं, तर काही आजार पुन्हा-पुन्हा येतात, कारण तो जंतू नवऱ्याकडे असतो. त्याला त्रास जाणवत नसला तरी असतो. डॉक्टरने दोघांना औषध दिलं असेल तर दोघांनी घ्यायचं, आणि कोर्स संपेपर्यंत संबंध टाळायचा किंवा निरोध वापरायचा. कामासाठी बाहेरगावी राहणाऱ्यांनी स्वतःची तपासणी करून घ्यावी. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते आणि गुप्त ठेवली जाते.

मराठीत यावर बोलणारा पहिला मोठा आवाज पुरुषाचाच होता. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्व्यांची सगळी मतं आपल्याला पटतील असं नाही. पण मराठीतून शरीराबद्दल नीट बोलता येतं, एवढं त्यांनी दाखवून दिलं.

कुठे जायचं

सुरुवात गावातल्या आशाताईंपासून करा. मग उपकेंद्र किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र, पुढे ग्रामीण रुग्णालय, बीडचं जिल्हा रुग्णालय, आणि अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. अंबाजोगाईला स्त्रीरोगाचा पूर्ण विभाग आहे. दुसरं मत घ्यायला तिथे जाता येतं. मुला-मुलींसाठी सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांचं समुपदेशन केंद्रही असतं.

लेडी डॉक्टर मिळाली तर उत्तमच. नसेल तर पुरुष डॉक्टर तपासताना नर्स किंवा घरची बाई सोबत असावी, हा तुमचा हक्क आहे आणि तो मागितल्याने कुणाचा अपमान होत नाही. गरजेच्या वेळी पुरुष डॉक्टरकडून इलाज करून घ्यायला दीनमध्ये मनाई नाही. परद्याच्या नावाखाली आजार वाढवणं कुणी सांगितलेलं नाही.

फोन नंबर लिहून ठेवा: आरोग्य सल्ल्यासाठी १०४, रुग्णवाहिकेसाठी १०८, संकटातल्या बायकांसाठी १८१, अल्पवयीन मुलीचं लग्न ठरत असेल तर १०९८, एचआयव्हीबद्दल माहितीसाठी १०९७.

मोहल्ल्यात सुरू करता येईल असं काही

यासाठी मोठी संस्था लागत नाही. बायकांचा हफ्तेवारी इज्तिमा असतो, तिथे हैज-इस्तिहाजाचे मसले सांगताना आलिमा आपा पाच मिनिटं हेही सांगू शकतात की इतके दिवस रक्त गेलं तर डॉक्टरला दाखवा. मुलींच्या मदरशात वर्षातून दोनदा सरकारी दवाखान्यातल्या नर्सला बोलवता येतं. बचत गटाच्या बैठकीत एक दिवस ठरवून तीस वर्षांवरच्या सगळ्या जणी एकत्र तपासणीला जाऊ शकतात. एकटीने जायची लाज वाटते, दहा जणींना वाटत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीतल्या बायकांना निघण्याआधी तपासणी, लोहाच्या गोळ्या आणि पुरेसे पॅड मिळतील, हे गावातल्या शिकलेल्या मुलींनी आशाताईंबरोबर बसून पाहावं.

आणि घरात अम्मींनी मुलीशी, सासूने सुनेशी एवढं तरी बोलावं: 'काही वेगळं वाटलं तर मला सांग, मी रागावणार नाही.' बीडच्या १३,८६१ बायकांपैकी कितीजणींना हे वाक्य वेळेवर ऐकायला मिळालं असेल, याचा विचार प्रत्येक घराने करावा.